द्राक्षांच्या गावातले दगड

"गुरुजी, हा राजा चांगला होता की वाईट?"

गेली बावीस वर्षे मी खेड्यातल्या शाळेत इतिहास शिकवतो आहे, आणि या प्रश्नावाचून गेलेले एकही वर्ष मला आठवत नाही. मुले बदलतात, पुस्तके बदलतात, प्रश्न तोच राहतो. मुलांना सनावळी नको असते, निकाल हवा असतो. मीही आजवर निकाल देत आलो. चांगल्याला चांगला म्हणावे, वाईटाला वाईट म्हणावे आणि तास संपवावा. पण दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका पोराने पुढचा प्रश्न टाकला, "आणि गुरुजी, ज्यानं दोन्ही केलं तो?"

मी म्हणालो, "हे परीक्षेत विचारत नाहीत."

वर्ग हसला. पोरगा मुकाट्याने खाली बसला. मीही हसलो, पण ते हसणे काही मला पचले नाही. त्या पोराचे उत्तर माझ्याकडे बाकी राहिले, आणि ते सापडले कुठे म्हणाल, तर थेट जर्मनीत!

माझ्यासारखा खेड्यातला मास्तर जर्मनीत गेला कसा, हे आधी सांगून टाकतो. माझा भाचा नोकरीनिमित्त तिकडे असतो. "मामा, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या देशांचे नकाशे फळ्यावर काढलेत, आता एकदा प्रत्यक्ष पाहा," असा त्याचा धोशा चालू होता. अखेर त्यानेच तिकीट पाठवले आणि २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत मी विमानात बसलो. त्याचे बिऱ्हाड ज्या शहरात, त्याचे नाव व्युर्त्सबुर्ग. हे नाव मला नीट उच्चारता येईपर्यंत सुटी निम्मी संपली, ही गोष्ट वेगळी.

बव्हेरियाच्या उत्तरेला फ्रँकोनिया नावाचा मुलूख आहे. तिथे माइन नदीच्या काठी हे गाव वसले आहे. गाव द्राक्षांचे आणि त्यांच्यापासून होणाऱ्या मद्याचे. मी तासगावकडचा. आमच्याकडे बालवाडीतल्या पोरालाही छाटणी कशाला म्हणतात ते कळते. तेव्हा गावातली देवळे-राजवाडे राहोत, मी आधी त्यांच्या बागा पाहायला निघालो.

स्टेशनच्या पाठीमागे नदीला लागूनच दक्षिणेकडे तोंड केलेला एक उभा डोंगर आहे. त्याला नुसते 'श्टाइन', म्हणजे 'दगड', एवढेच म्हणतात. त्या उतारावर वरपासून खालपर्यंत द्राक्षवेली. आपल्यासारखा मांडव नाही. पुरुषभर उंचीच्या तारांवर वेली ओळीने बांधलेल्या. आपण एप्रिलमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा, अशी दोनदा छाटणी करतो. त्यांची छाटणी एकदाच, थंडीत वेल झोपलेला असताना. तोडणी नुकतीच संपली होती आणि पाने हळदीसारखी पिवळी झाली होती. मी वाकून मूठभर माती उचलली, तर हातात मातीपेक्षा दगडच अधिक! हा शिंपल्यांचा चुनखडक. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी तो तयार झाला. दिवसभर ऊन खाऊन तो तापतो आणि रात्री ती ऊब वेलीला परत देतो. थंड मुलखात द्राक्ष पिकते ते या दगडाच्या जिवावर.

इथल्या द्राक्षमळ्यांच्या नोंदी आठव्या शतकापासूनच्या आहेत. सिल्व्हानर नावाची इथली लाडकी जात १६६५ साली एका मठाधिपतीने या डोंगरावर आणून लावली. मद्य भरतात ती बाटलीही न्यारीच. पोट चपटे आणि मान आखूड, जणू शिकाऱ्याच्या पाठीवरची पखालच. तिला 'बॉक्सबॉयटेल' म्हणतात. १७२६ साली नगरपालिकेने ठरवले की, आपले अस्सल मद्य याच बाटलीत भरायचे आणि वर शहराची मोहोर लावायची. म्हणजे भेसळ तेव्हाही होतीच! आपल्या शाकुंतलावर मोहून कविता करणारा महाकवी ग्योथे इथल्या मद्याचा मोठा भोक्ता होता. आणखी एक नवल सांगतो. १५४० साली युरोपात कडक दुष्काळ पडला आणि द्राक्षे विलक्षण गोड झाली. त्या वर्षीच्या मद्याची एक बाटली १९६१ साली लंडनमध्ये उघडली, तर चारशेहून अधिक वर्षांनंतरही दोन-चार घोट ते मद्यच होते. मग हवा लागली आणि ते मेले.

माझे म्हणाल तर मी जन्माचा ताक पिणारा. पण घरच्या मंडळींना ठाऊक झालेली गोष्ट वाचकांपासून लपवण्यात काय अर्थ? माइनवरच्या जुन्या दगडी पुलावर संध्याकाळी सगळे गाव हातात पेला घेऊन उभे असते. भाच्याने माझ्याही हातात एक पेला दिला. मी एक घोट घेतला आणि तोंड असे केले की, शेजारची जर्मन आजीबाई खुदकन हसली. चव आंबट, काहीशी दगडाचीच. उरलेले भाच्याने संपवले.

त्या पुलाच्या कठड्यांवर दोन्ही अंगांना मिळून बारा भव्य दगडी पुतळे आहेत. त्यांतला एक संत किलियन. हा आयर्लंडहून धर्मप्रसारासाठी आला आणि ६८९ च्या सुमारास इथे मारला गेला. आज तो फ्रँकोनियाच्या द्राक्ष पिकवणाऱ्यांचा रक्षणकर्ता मानला जातो. समोर टेकडीवर मारिएनबेर्ग किल्ला आहे. या शहराचा राजा राजा नसे, बिशप असे. धर्मदंड आणि राजदंड एकाच हातात. हे ध्यानात ठेवा, पुढची गोष्ट त्यावाचून कळायची नाही.

पुलावरून पाच मिनिटे चालले की बाजारचौक लागतो. भाजीवाल्यांच्या पालांशेजारी लाल-पांढरे, उंच शिखराचे एक सुरेख देऊळ आहे, मेरीमातेचे. त्याच्या दारावर आदम आणि हव्वा उभे आहेत. मूळ मूर्ती आता किल्ल्यावरच्या संग्रहालयात नेल्या आहेत, दारावर आहेत त्या प्रतिकृती. मी किल्ला चढून मूळ मूर्ती पाहिल्या. पापाची गोष्ट सांगायला उभ्या केलेल्या या दोघांच्या चेहऱ्यांवर पाप कुठेच नाही. नव्याने घर सोडून निघालेल्या पोरांची असावी तशी हुरहूर मात्र आहे. दगडाला इतके हळवे करणारा तो मूर्तिकार टिलमन रीमनश्नायडर.

हा नुसता कारागीर नव्हता. त्याची घरे होती, द्राक्षमळे होते आणि १५२० मध्ये तो शहराचा महापौरही झाला. १५२५ साली जर्मनीत शेतकऱ्यांनी बंड केले. करांनी आणि वेठबिगारीने पिचलेले ते लोक बिशपच्या किल्ल्यावर चालून आले. शेतकऱ्यांविरुद्ध आम्ही हत्यार उचलणार नाही, अशी भूमिका नगरसभेने घेतली. तिच्यात रीमनश्नायडर होता. किल्ला पडला नाही. बंड मोडले, हजारो शेतकरी कापले गेले आणि साठीच्या घरातल्या या मूर्तिकाराला त्याच किल्ल्यात कोंडून त्याचे हाल केले. त्याचे हात मोडले, असे लोक सांगतात. त्याला पुरावा नाही. पण त्यानंतर त्याच्या हातून फारसे काही घडले नाही, हे खरे. १५३१ साली तो वारला आणि लोक त्याला साफ विसरले. १८२२ मध्ये त्याच्या थडग्याचा दगड सापडला, तेव्हा कुठे हा कोण होता याचा शोध सुरू झाला.

ही गोष्ट ऐकून मी मनाशी म्हटले, इथे निकाल सोपा आहे. मूर्तिकार चांगला, बिशप वाईट. तास संपला! तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, हे देऊळ कुठल्या जागेवर आहे ठाऊक आहे?"

ही जागा ज्यूंच्या वस्तीची. १३४९ साली युरोपात प्लेगची साथ येत होती. ज्यूंनी विहिरींत विष कालवले म्हणून रोग येतो, अशी कंडी पिकली. साथ या गावात पोहोचण्याआधीच ज्यूंची वस्ती जळून खाक झाली आणि ती माणसेही तीतच जळाली. त्यांचे प्रार्थनास्थळ पाडले आणि १३७७ पासून त्याच जागी हे सुंदर देऊळ उभे राहू लागले. रीमनश्नायडर जन्मण्याच्या शंभर वर्षे आधीची ही हकीकत. त्याचा तिच्यात काय दोष? पण त्याची हव्वा त्या दारावर उभी राहिली, हेही खरेच. मघाचा माझा सोपा निकाल तिथेच अडखळला.

पुढची जागा युलिउसश्पिटाल. आत शिरलो तर इस्पितळ की राजवाडा, असा भ्रम पडावा. युलिउस एश्टर नावाच्या बिशपने १५७६ साली हे स्थापन केले. गरीब, आजारी, अनाथ, निराधार वाटसरू, सर्वांसाठी. आणि नुसती इमारत बांधून तो थांबला नाही. औषधपाण्याचा खर्च कायम चालावा म्हणून त्याने शेते, जंगले आणि द्राक्षमळे इस्पितळाच्या नावे करून दिले. जवळजवळ साडेचारशे वर्षे उलटली, ती व्यवस्था अजून चालू आहे. संस्थेचे द्राक्षमळे सुमारे १८० हेक्टर, जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या मळ्यांपैकी. इमारतीच्या पोटात अडीचशे मीटर लांबीचे तळघर आहे आणि त्यात ओळीने मांडलेली लाकडी पिंपे. माणूस मद्याची बाटली विकत घेतो आणि तिच्या नफ्यातून कुणा म्हाताऱ्याची सेवा होते! आमच्याकडे देवस्थानांना जमिनी लावून दिलेल्या असत. पण इतकी शतके असा चोख हिशेब राखणारे देवस्थान माझ्या पाहण्यात नाही. याच एश्टरने १५८२ साली बंद पडलेले विद्यापीठही पुन्हा उभे केले. याच विद्यापीठात पुढे युलिउस योली यांनी आपल्या स्मृतिग्रंथांचा जन्मभर अभ्यास केला. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव येते.

मी भारावून गेलो होतो. "हा खरा चांगला राजा," असे मोठ्याने बोललोही. भाचा गप्प राहिला. तो मला घेऊन गेला ते ज्यू समाजाच्या एका नव्या वास्तूत. २००६ साली उघडलेले एक संग्रहालय तिथे आहे.

१९८७ मध्ये प्लाइख नावाच्या पेठेत एक जुने घर पाडत होते. भिंतीतले दगड निघू लागले, तर त्यांवर अक्षरे. हिब्रू अक्षरे! एक नाही, दोन नाही. सुमारे दीड हजार दगड आणि दगडांचे तुकडे निघाले. ते थडग्यांचे दगड होते. सगळ्यांत जुना ११४७ सालचा, सगळ्यांत अलीकडचा १३४६ चा. वस्ती जळाल्यानंतर दफनभूमीतले हे दगड उपटून जोगिणींच्या एका मठाच्या बांधकामात घातले गेले होते. मध्ययुगातल्या एकाच ज्यू दफनभूमीचे इतके दगड जगात दुसरीकडे कुठे मिळाले नाहीत.

आणि ती दफनभूमी कुठे होती? ११४७ साली धर्मयुद्धाला निघालेल्या जमावाने इथले काही ज्यू मारले, तेव्हा त्या वेळच्या बिशपने ती प्रेते स्वतःच्या बागेत पुरू दिली. पुढे तीच जागा ज्यूंची दफनभूमी झाली. एका बिशपने असे दिले. सव्वाचारशे वर्षांनी दुसऱ्या बिशपने ती जागा ज्यूंकडून हिरावून घेतली आणि तिच्यावर इस्पितळ बांधले. तो दुसरा बिशप म्हणजे युलिउस एश्टर.

मी बराच वेळ त्या दगडांपुढे उभा होतो. मला त्यांतले एक अक्षर वाचता येत नव्हते. पण थडग्याच्या दगडावर काय असते ते कळायला लिपी कशाला लागते? कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी बाप. सकाळी ज्या अंगणात मी भारावून उभा होतो, त्या अंगणाखाली ही माणसे होती. एश्टरविषयी पुढे आणखीही कळले. पंथ बदलायला नकार देणाऱ्या प्रोटेस्टंटांना त्याने मुलखाबाहेर काढले. त्याच्या कारकिर्दीत चेटकिणी म्हणून बायका जाळल्या गेल्या. १६२६ ते १६३१ या काळात दुसऱ्या एका बिशपने तर कहरच केला. आणि तरीही इस्पितळ खोटे नव्हते. तिथे बरा होऊन घरी गेलेला गरीब खरा होता. मागच्या बाकावरचा पोरगा माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला. "आणि गुरुजी, ज्यानं दोन्ही केलं तो?"

इस्पितळापासून जवळच एका साध्या इमारतीत १८९५ च्या ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी व्हिल्हेल्म रॉन्टजेन या प्राध्यापकाला एक अद्भुत किरण सापडला. ज्याला आपण आज क्ष-किरण म्हणतो, तो हाच. त्याने बायकोला हात धरायला सांगितले आणि छायाचित्र घेतले. हाडे दिसली, बोटातली अंगठी दिसली. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. त्याने या शोधाचे पेटंट घेतले नाही. तो सर्वांचा असावा, असे त्याचे म्हणणे. विशेष म्हणजे याच रॉन्टजेनला शाळेतून काढून टाकले होते. दुसऱ्या कुणीतरी काढलेले मास्तरांचे व्यंगचित्र त्याच्या अंगावर आले होते! शाळेचा अखेरचा दाखला नाही म्हणून याच विद्यापीठाने एकदा त्याला अध्यापकाची जागा नाकारली होती. माझे स्वतःचे शिक्षण शाळेच्या शेवटच्या परीक्षेपाशी थांबलेले, त्यामुळे या माणसाविषयी मला उगाचच आपलेपणा वाटला. वाटले, इतिहासाच्या मास्तरालाही असाच एक किरण हवा. हात सुंदर आहे म्हणून थांबायचे नाही. आतले हाडही पाहायचे. आणि हाड दिसले म्हणून हात खोटा ठरवायचा नाही.

स्टेशनसमोर दगडाच्या, लाकडाच्या, सिमेंटच्या वळकट्या आणि पेट्या मांडून ठेवल्या आहेत. कुणी सामान विसरले असावे, असेच प्रथम वाटते. ते २०२० मध्ये उभारलेले स्मारक आहे. १९४१ ते १९४४ या काळात या शहरातून आणि आसपासच्या गावांतून दोन हजारांहून अधिक ज्यू माणसांना आगगाडीत कोंडून मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवले. एकेका गावाच्या नावाची एकेक वळकटी इथे आहे आणि तिची जोडी त्या त्या गावात.

आता राहिला राजवाडा. रेसिडेन्त्स त्याचे नाव. १७२० मध्ये पाया घातला; बाल्टाझार नॉयमान हा त्याचा शिल्पी. जिन्यावरचे त्याचे छत अठरा मीटर रुंद आणि तीस मीटर लांब, मध्ये एकही खांब नाही. व्हेनिसच्या त्येपोलोने १७५२-५३ मध्ये त्यावर चार खंडांचे चित्र रंगवले. अमेरिका मगरीवर, आफ्रिका उंटावर आणि आपली आशिया हत्तीवर बसलेली! मान मोडेपर्यंत वर पाहत होतो.

१९४५ च्या १६ मार्चच्या रात्री ब्रिटिश विमानांनी सुमारे वीस मिनिटांत हे शहर भाजून काढले. जुने गाव जवळजवळ सगळे गेले. पाच हजारांच्या आसपास माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले पुष्कळ. राजवाड्याची लाकडी आढी जळून कोसळली, पण नॉयमानचे दगडी छत उभे राहिले. वर आभाळ उघडे, पाऊस चित्रात मुरण्याची भीती. तेव्हा स्किल्टन नावाचा एक अमेरिकन अधिकारी, म्हणजे कालपरवापर्यंतचा शत्रू, धावपळ करून लाकूड आणि पत्र्या-कागदाची सामग्री मिळवत राहिला आणि छतावर तात्पुरते छप्पर घालून घेतले. हत्तीवरची आशिया वाचली ती त्यामुळे. बायकांनी आणि पोरांनी विटा वेचून गाव पुन्हा बांधले. आजही दर १६ मार्चला रात्री, त्याच घटकेला, गावातल्या साऱ्या घंटा वाजतात.

त्या वर्षी १ नोव्हेंबरला आपले लक्ष्मीपूजन होते आणि तिकडे सर्व संतांचा सण. त्या दिवशी ते लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात. संध्याकाळी भाच्याने घरात पणत्या लावल्या आणि आम्ही मोठ्या दफनभूमीकडे गेलो. लाल काचेतले शेकडो दिवे मंद जळत होते. दाराबाहेर १६ मार्चच्या बळींना एकत्र पुरले आहे. तिथेही दिवे होते. ज्यू लोक थडग्यावर दिव्याफुलांऐवजी खडा ठेवतात, असे भाच्याने सांगितले होते. सकाळी डोंगरावरून उचललेला एक खडा माझ्या कोटाच्या खिशात होता. परतताना स्टेशनवरून गेलो आणि तो त्या वळकट्यांपाशी ठेवला. आणखी काय करणार?

घरी परतलो तेव्हा तुळशीचे लग्न होऊन गेले होते. तो पोरगा आता मोठ्या शाळेत जातो. तरी मी त्याच्या घरी गेलो. बागेत फवारणी चालली होती आणि तो नळीचे वेटोळे सोडवत होता. बांधावर बसून त्याला एश्टरची गोष्ट सांगितली. इस्पितळ, द्राक्षमळे, दफनभूमी, भिंतीतले दगड, काही न लपवता.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे गुरुजी, पेपरात काय लिहायचं? चांगला की वाईट?"

मी म्हणालो, "इस्पितळ बांधलं, हे लिही. कशावर बांधलं, तेही लिही."

"उत्तर लांबेल की."

"लांबू दे," मी म्हणालो. "पुरवणी मागून घे."